हॉस्पिटल केस पेपरच्या प्रती देत नाही, डॉक्टर टाळाटाळ करतात : इंदूरमध्ये काय करायचं

"फाईल वरच्या मजल्यावर आहे, परवा या." "डॉक्टरसाहेब आले की विचारा." "डिस्चार्ज कार्ड दिलंय ना, आता आणखी काय हवंय?" पेशंट घरी गेल्यावर विमा कंपनी इनडोअर केस पेपर मागते, किंवा पुण्या-मुंबईचा डॉक्टर ऑपरेशन नोट्स बघायच्या म्हणतो, आणि मग काउंटरवर ही उत्तरं ऐकू यायला लागतात.

अशा वेळी सगळ्यात आधी स्वतःची फाईल उघडून बघा. मागणी केल्याचा, तारीख आणि शिक्का असलेला एकतरी कागद तुमच्याकडे आहे का? बहुतेकांकडे नसतो, आणि घोडं इथेच अडतं. कायद्याने दिलेली मुदत मागणी केल्यापासून मोजायची असते. तोंडी मागणीला तारीख नसते, त्यामुळे मुदत कधी संपली हे दाखवता येत नाही आणि पुढे तक्रार केली तर "हे लोक आमच्याकडे आलेच नव्हते" एवढं उत्तर समोरच्याला पुरतं. कितीही हेलपाटे घातलेले असोत, लेखी अर्ज दिला नसेल तर प्रकरण अजून सुरूच झालेलं नाही असं समजा.

नियम काय म्हणतो

आधार आहे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या व्यावसायिक आचरण, शिष्टाचार आणि नीतिमत्ता विनियमांचा. त्यातले तीन आकडे लक्षात ठेवायचे. १.३.१ प्रमाणे भरती झालेल्या पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवणं डॉक्टरला बंधनकारक आहे. १.३.२ प्रमाणे पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केली की तिची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. आणि ७.२ प्रमाणे हे न करणं म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, ज्यासाठी डॉक्टरवर कारवाई होऊ शकते.

"आता पाच दिवसांचा नियम आहे" असंही काही जण सांगतात. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम आणले होते, त्यात पाच कामकाजी दिवस होते. पण त्याच महिन्यात, २३ ऑगस्टला, ते स्थगित झाले आणि २००२ चे विनियम पुन्हा लागू झाले. म्हणून अर्जात ७२ तासच लिहायचे.

दुसरा गोंधळ पुण्याहून येतो. आई-वडील इंदूरला आणि मुलं पुण्याला, असं चित्र रामबाग-लोकमान्य नगरातल्या कितीतरी घरांत आहे. मुलगा तिकडच्या वकिलाला विचारून महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नियमांचा हवाला देणारी नोटीस पाठवतो. ते नियम इथे लागू नाहीत. मध्य प्रदेशात खाजगी हॉस्पिटलांची नोंदणी १९७३ च्या राज्याच्या उपचर्यागृह अधिनियमाखाली होते आणि जिल्ह्यात देखरेख मुख्य चिकित्सा एवं स्वास्थ्य अधिकाऱ्याची, म्हणजे सीएमएचओची असते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली रघुनाथ रहेजा प्रकरणात "गोपनीयतेचं कारण सांगून पेशंटलाच कागद नाकारता येणार नाहीत" असं म्हटलं होतं. तो निकाल सोबत जोडायला हरकत नाही, पण अर्जाचा भार देशभर लागू असलेल्या १.३.२ वर ठेवा.

नेमकं काय मागायचं

"सगळे कागद द्या" असं लिहिलं की डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स आणि दोन लॅब रिपोर्ट हातात ठेवले जातात आणि "दिले की सगळे" म्हणून विषय संपवला जातो. कागदांची नावं घालूनच मागावं लागतं. भरतीच्या फाईलमध्ये साधारण हे असतं: भरतीचा कागद आणि सुरुवातीच्या तपासणीची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या राउंडच्या नोट्स, बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञांचे अभिप्राय, संमतिपत्रं, भूलतज्ज्ञाची तपासणी आणि ऑपरेशनदरम्यानचा भुलीचा तक्ता, ऑपरेशन नोट्स, औषधांचा चार्ट, नर्सिंग नोट्स, ताप-नाडी-रक्तदाबाचा तक्ता, पाणी-लघवीचा हिशेब, रक्त दिलं असेल तर पिशवीच्या क्रमांकासह त्याची नोंद, सगळे लॅब रिपोर्ट, ईसीजीच्या पट्ट्या, डिस्चार्ज किंवा डेथ समरी आणि तपशीलवार बिल. स्टेंट, गुडघ्याचा सांधा, डोळ्यातली लेन्स असं काही बसवलं असेल तर त्याचं स्टिकर असलेलं पान वेगळं नोंदवून मागा. कंपनी, मॉडेल आणि सिरीयल नंबर त्या एकाच पानावर असतो. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली की तोच नंबर विचारतात.

सीटी आणि एमआरआयची फिल्म पुरेशी नसते. सीडी किंवा पेन ड्राइव्हवर डायकॉम स्वरूपातल्या मूळ प्रतिमा मागा. फिल्मवर निवडक चित्रं असतात, दुसऱ्या डॉक्टरला सगळे स्लाइस बघायचे असतात. मोबाइलने फिल्मचा फोटो काढून पाठवला तर त्यावरून कोणी शहाणा रेडिओलॉजिस्ट मत देणार नाही.

मूळ फाईल हॉस्पिटलकडेच राहते. तुमचा हक्क प्रतीवर आहे. "ओरिजिनल द्या" असा हट्ट धरला की त्यांना नकार द्यायला योग्य कारण मिळतं, ते देऊ नका. पैसे भरून केलेल्या तपासण्यांचे रिपोर्ट आणि फिल्म मात्र तुमच्याच.

अर्ज

इंदूरमध्ये अर्ज हिंदीत द्या. मराठीतला अर्ज काउंटरवरून "समझ में नहीं आया" म्हणून परत येऊ शकतो, आणि पुढे सीएमएचओ कार्यालयातही हिंदीच चालते. मजकूर एवढा पुरतो:

"मेरी भर्ती दिनांक … से … तक आपके अस्पताल में रही, आईपी क्रमांक … । भारतीय आयुर्विज्ञान परिषद (व्यावसायिक आचरण, शिष्टाचार एवं नैतिकता) विनियम, २००२ के विनियम १.३.२ के अंतर्गत निवेदन है कि नीचे लिखे अभिलेखों की प्रमाणित प्रतियाँ ७२ घंटे के भीतर प्रदान करें। फोटोकॉपी का उचित शुल्क देने को मैं तैयार हूँ।"

खाली कागदांची यादी. उपचारात काय चुकलं, कोण कसं बोललं, विमा का अडकला यातलं काहीही या अर्जात नको. कारण सांगायची अट नियमात नाही, आणि तक्रारीचा सूर लागला की फाईल थेट त्यांच्या वकिलाकडे जाते. शुल्काचं शेवटचं वाक्य गाळू नका. "पैसे भरायला तयार नव्हते" हे उत्तर त्यामुळे आधीच बंद होतं.

अर्ज दोघांच्या नावे करा: उपचार करणारे डॉक्टर आणि हॉस्पिटलचे मेडिकल सुपरिंटेंडंट किंवा संचालक. २००२ चे विनियम डॉक्टरवर चालतात, हॉस्पिटलच्या कंपनीवर चालत नाहीत. फक्त "व्यवस्थापक, अमुक हॉस्पिटल" एवढंच लिहिलं तर मेडिकल कौन्सिलपुढे डॉक्टर म्हणतो, माझ्याकडे मागणी आलीच नाही. उलट फक्त डॉक्टरचं नाव घातलं तर तो म्हणतो, फाईल हॉस्पिटलच्या ताब्यात आहे. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असायला हवा, तोही विनियमच आहे. तिथे नसेल तर राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या संकेतस्थळावर नाव घालून शोधता येतो.

सोबत पेशंटच्या ओळखपत्राची प्रत आणि डिस्चार्ज कार्ड किंवा बिलाचं पहिलं पान जोडा; आयपी क्रमांक, म्हणजे भरतीचा नोंदणी क्रमांक, तिथे असतो आणि त्याशिवाय रेकॉर्ड रूममध्ये फाईल सापडत नाही. मुलगा, सून, जावई अर्ज देत असतील तर पेशंटच्या सहीचं अधिकारपत्र लागतं, त्यावर दोघांची ओळखपत्रं. पेशंट सही करू शकत नसेल तर अंगठा आणि दोन साक्षीदार. पेशंट लहान असेल तर आई किंवा वडील. पेशंट गेला असेल तर मृत्यू प्रमाणपत्र आणि वारस असल्याचा पुरावा. घरातले बाकीचे वारस असतील तर त्यांचं ना-हरकत पत्र आधीच घेऊन ठेवलं की "सगळ्यांना घेऊन या" हा फेरा वाचतो.

दोन प्रती न्या. आवक विभागात किंवा रेकॉर्ड विभागात, म्हणजे एमआरडीत एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही घ्या. वेळ लिहून घ्यायला विसरू नका, मुदत तासांत आहे. शिक्का द्यायला नकार दिला तर वाद घालत उभं राहू नका. त्याच दिवशी तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, म्हणून खिडकीवर "स्पीड पोस्ट, रजिस्ट्रेशन आणि पोहोच पुराव्यासह" असं सांगावं लागतं. पावती, ट्रॅकिंगचं "डिलिव्हर्ड" दाखवणारं पान आणि हॉस्पिटलच्या अधिकृत ईमेलवर पाठवलेली प्रत ही तीन मिळून शिक्क्याचं काम करतात.

ठरलेली उत्तरं आणि त्यांचं काय करायचं

"फाईल टीपीएकडे गेलीय." टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था. कॅशलेसमध्ये तिला स्कॅन किंवा प्रती जातात, काही मूळ रिपोर्ट गेले तरी रेकॉर्ड ठेवायची जबाबदारी हॉस्पिटलचीच. "कधी, कोणते कागद, कोणत्या क्लेम क्रमांकावर पाठवले ते लिहून द्या" असं म्हणा. पाठवलेच असतील तर विमा कंपनीकडूनही त्याच प्रती मागता येतात, आणि पुष्कळदा तिथून लवकर मिळतात.

"बिल बाकी आहे." १.३.२ मध्ये बिल चुकतं केल्याची अट नाही. बाकी वसूल करायला हॉस्पिटलला दिवाणी मार्ग मोकळा आहे, त्यासाठी फाईल गहाण ठेवता येत नाही. बिलावर तुमचा आक्षेप असेल तर तो वेगळ्या पत्रात लिहा, या अर्जात मिसळू नका.

"कोर्टाचा आदेश आणा." नियमात पेशंट, त्याचा अधिकृत माणूस आणि कायदेशीर अधिकारी अशी तिन्ही नावं आहेत. पेशंटला कोर्टाची गरज नाही.

"पोलिस केस आहे." अपघात, भाजणं, विषबाधा अशा एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल प्रकरणात काही मूळ कागद पोलिसांकडे जप्त असू शकतात. हॉस्पिटलकडे उपचारांच्या ज्या नोंदी आहेत त्यांच्या प्रती मागा, आणि जे पोलिसांनी नेलं त्याच्या जप्तीच्या पावतीची प्रत. ठाण्याचं नाव आणि गुन्हा क्रमांक त्यावर मिळतो, पुढचा अर्ज तिथे.

"पाच हजार भरा." झेरॉक्सचा दर पानाला काही रुपये असतो. दर लेखी मागा, भरलेल्या पैशांची पावती घ्या. पावती देणार नाही म्हणाले की रक्कम बहुधा तिथेच उतरते.

"फाईल सापडत नाही." हे सगळ्यात गंभीर. ३ वर्षांच्या आतली फाईल हरवणं हे ७.२ खाली येतं, म्हणून तोंडी स्वीकारू नका. "अमुक आयपी क्रमांकाची फाईल उपलब्ध नाही" असं लेटरहेडवर लिहून मागा. एकदा हे लिहून द्यायची वेळ आली की फाईल पुष्कळदा सापडते. लिहून दिलंच, तर तो कागद ग्राहक आयोगात तुमच्या बाजूने बोलतो.

मानसोपचाराचं रेकॉर्ड याला अपवाद. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे पेशंटला मूलभूत वैद्यकीय नोंदी बघायला मिळतात, पण ज्या माहितीने त्याला गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्याला धोका होईल तेवढीच डॉक्टर रोखू शकतो. त्याविरुद्ध मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो.

७२ तास उलटले

आधी एक स्मरणपत्र, एका परिच्छेदाचं, पहिल्या अर्जाची पोच जोडून आणि सात दिवसांची मुदत देऊन. वकिलाच्या लेटरहेडवर गेलं तर वजन वाढतं, पण ते अत्यावश्यक नाही.

मग सीएमएचओकडे तक्रार. हॉस्पिटलची नोंदणी आणि तिचं नूतनीकरण त्याच कार्यालयाच्या हातात असल्याने त्यांचं साधं पत्रही हॉस्पिटल गांभीर्याने घेतं. इंदूरमध्ये व्यवहारात सगळ्यात लवकर काम होतं ते याच पायरीवर, म्हणून इथे पूर्ण कागद घेऊन जा: अर्ज, पोच, स्मरणपत्र. तिथून हालचाल नसेल तर कलेक्टर कार्यालयात दर मंगळवारी जनसुनवाई असते. घरबसल्या करायचं तर सीएम हेल्पलाइन १८१. तक्रार क्रमांक जपून ठेवा. काही दिवसांनी "समाधान झालं का" असा फोन येतो आणि गोड बोलून तक्रार बंद करायला सांगतात. प्रती हातात पडून पानं तपासून होईपर्यंत "हो" म्हणू नका. बंद झालेली तक्रार पुन्हा उघडत बसण्यात वेळ जातो.

समांतर मार्ग मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलचा, भोपाळला. तक्रार डॉक्टरच्या नावाने, नोंदणी क्रमांकासह, शपथपत्र जोडून, आणि विषय एकच: १.३.२ चा भंग. उपचारातल्या हलगर्जीपणाची तक्रार यातच घातली तर प्रकरण तज्ज्ञांच्या मतासाठी लांबतं आणि साधा कागदांचा मुद्दा मागे पडतो. विनियमांप्रमाणे निर्णय ६ महिन्यांत व्हायला हवा. डॉक्टर आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा दंतवैद्यकाचा असेल तर त्याची परिषद वेगळी, हे आधी बघून घ्या.

ग्राहक आयोग शेवटी, पण तारखेवर डोळा ठेवून. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये माहिती मुद्दाम दडवून ठेवणं हेही सेवेतली त्रुटी म्हणून धरलं आहे. कलम ३८(९) प्रमाणे आयोग कागद हजर करायचा हुकूम देऊ शकतो, म्हणजे रेकॉर्ड हाती नसतानाही तक्रार दाखल करता येते आणि तिथूनच ते मागवता येतं. भरलेलं बिल ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही; ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगात चालतात. तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते, त्यामुळे पेशंट स्वतः आता पुण्याला मुलाकडे राहत असेल तर पुण्यात. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे, सल्ल्यासाठी १९१५. मुदत २ वर्षं. हॉस्पिटलच्या "बघतो, देतो" मध्ये ही दोन वर्षं निघून जातात आणि ३ वर्षांनंतर फाईल नष्ट करायलाही ते मोकळे होतात. म्हणून वाटाघाटी चालू असल्या तरी तारीख डायरीत लिहून ठेवा.

फक्त विमा दावा अडकला असेल तर कंपनीला तुमच्या अर्जाची पोच पाठवून मुदतवाढ मागा आणि केस पेपर थेट हॉस्पिटलकडून मागवायला लेखी सांगा. तरी दावा फेटाळला तर मध्य प्रदेशसाठीचं विमा लोकपाल कार्यालय भोपाळला आहे.

सरकारी हॉस्पिटल

एम.वाय. (महाराजा यशवंतराव) किंवा जिल्हा रुग्णालयात मोफत उपचार झाले असतील तर ग्राहक आयोगाचा मार्ग चालत नाही, आणि तिथे त्याची गरजही नसते. माहितीचा अधिकार आहे. अधीक्षकांकडे साधा अर्ज द्याच, पण त्याच दिवशी लोक सूचना अधिकाऱ्याकडे आरटीआय अर्जही टाका: शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला माफ, उत्तर ३० दिवसांत. उपचार चालू असून कागदांवाचून जिवाला धोका असेल तर तसं स्पष्ट लिहा, कलम ७(१) प्रमाणे ४८ तासांची मुदत लागू होते. इथे फाईलला "बेड हेड टिकट" म्हणतात. अर्जात हाच शब्द घाला म्हणजे बाबू चुकीच्या कपाटात शोधणार नाही. "ही त्रयस्थ व्यक्तीची खाजगी माहिती आहे" हा नकार टाळायला पेशंटच्याच नावाने अर्ज करा आणि ओळखपत्र जोडा. उत्तर नाही आलं तर ३० दिवसांत प्रथम अपील, त्यावर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग.

प्रती मिळाल्यावर तिथेच तपासा

पावतीवर "सर्व कागद मिळाले" असं छापलेलं असतं. पानं मोजून "एकूण इतकी पानं मिळाली" असं स्वतःच्या हाताने लिहूनच सही करा. प्रत्येक पानावर हॉस्पिटलचा शिक्का आणि सही हवी. नर्सिंग नोट्स आणि औषधांचा चार्ट भरतीच्या प्रत्येक दिवसाचा आहे का ते तारखा लावून बघा. पानं गळतात ती बहुधा रात्रपाळीची आणि शेवटच्या दिवसाची. भुलीचा तक्ता आणि संमतिपत्र नसेल तर लगेच लेखी विचारा. खाडाखोड किंवा वेगळ्या शाईची भर दिसली तर तिथे काही बोलू नका, त्या पानाचे स्वच्छ फोटो काढून ठेवा.

फाईल खरंच उरली नसेल तर

डॉक्टर निवर्तले, नर्सिंग होम बंद पडलं, ३ वर्षं उलटली, किंवा उपचार फक्त ओपीडीचे होते (३ वर्षांचा नियम भरती पेशंटपुरता आहे) अशा वेळी तुकडे गोळा करावे लागतात. लॅबकडे मोबाइल क्रमांकावरून जुने रिपोर्ट निघतात. स्कॅन सेंटरच्या सर्व्हरवर प्रतिमा किती काळ ठेवतात हे सेंटरगणिक बदलतं, म्हणून तिथे सगळ्यात आधी जा. मेडिकल स्टोअर बिलांची प्रत देतं, त्यावरून औषधं आणि तारखा जुळतात. टीपीएकडे क्लेमची फाईल असते. आयुष्मान कार्डावर उपचार झाले असतील तर कागद योजनेच्या पोर्टलवर चढवलेले असतात. हॉस्पिटलमधल्या आयुष्मान मित्राकडे विचारा, दाद लागली नाही तर १४५५५.

कॅन्सरच्या पेशंटने परळला टाटा हॉस्पिटलला जाण्यापूर्वी बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही पॅथॉलॉजी लॅबमधून घ्यावेत. नुसत्या रिपोर्टवर तिथे काम होत नाही, काचा पुन्हा तपासतात आणि पुढच्या चाचण्यांसाठी ब्लॉक लागतो. लॅब सही घेऊन ते देते. ब्लॉकवरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते काउंटरवरच बघा. काचा प्लास्टिकच्या स्लाइड बॉक्समध्ये न्या, आणि ब्लॉक एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.